बरोबरी

तिसऱ्या खेळीनंतर तो खुर्चीवरून उठला आणि पुढे तासभर धड बसलाच नाही. माझी खेळी झाली, मी घड्याळाचं बटण दाबलं, की कुठूनतरी यायचा, उभ्याउभ्या पटाकडे बघायचा, दोन बोटांनी मोहरा उचलून दुसऱ्या घरात ठेवायचा, वाकून कागदावर खेळी लिहायचा आणि पुन्हा चालू लागायचा. कधी खिडकीशी, कधी पंचांच्या टेबलाशी हळू आवाजात काही बोलत, कधी दुसऱ्यांच्या पटामागे हात बांधून. ग्रँडमास्टर होता. वय असेल तिशी-बत्तिशीचं, फिकट निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. स्पर्धेत आम्ही एकशे अठ्ठावीस जण, आणि पहिल्या फेरीची रीत अशी की ताकदीनुसार लावलेल्या यादीचे मधोमध दोन भाग करायचे आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याची गाठ खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी घालायची. माझा क्रमांक पासष्टावा. म्हणजे खालच्यांत मी पहिली. सकाळी भिंतीवरच्या कागदावर पहिल्या पटासमोर त्याच्या नावाशेजारी माझं नाव दिसलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर उभे होते, दरवर्षी या स्पर्धेला भेटतात. म्हणाले, "बाई, आज लवकर सुटाल. खालच्या कँटीनचा चहा बरा असतो." मी हसले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं. पण रिकाम्या खुर्चीसमोर बसून विचार करणं विचित्र असतं. आपण जीव तोडून काही सांगतोय आणि ऐकणारा आतल्या खोलीत भांडी आवरतोय, मधूनच "हं, हं" करतोय, तसं काहीसं. नवव्या-दहाव्या खेळीला माझ्या लक्षात आलं की मी पटाऐवजी त्याच्या खुर्चीच्या पाठीकडे बघतेय. तिथे रेक्झिनला एक चीर गेली होती आणि आतला पिवळा स्पंज दिसत होता.

मला राग आला नाही, कारण असल्या वागण्याची मला सवय आहे. बावीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तळघरातली खोली, खिडकी नाही, भिंतीला अडकवलेला शिशाचा जड एप्रन. श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा. माणूस टेबलावरून उतरतो, शर्टाची बटणं लावतो आणि न चुकता विचारतो, "काय दिसतंय हो?" आणि मी न चुकता सांगते, "डॉक्टर सांगतील." नियम आहे, आणि चांगला नियम आहे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेल्यांनी जगात थोडा का गोंधळ घातलाय. पण रोज चाळीस-पन्नास माणसांची हाडं बघत गेलं की डोळा तयार होतो, आणि डोळ्याला कुणी पदवी विचारत नाही. मोडलेलं हाड शोधायला लागत नाही, ते बोंबलून सांगतं. चीर गेलेलं हाड मात्र गप्प असतं. त्यात रेघ दिसत नाही. हाडाची कड एका लयीत वळत जाते आणि एका ठिकाणी, चालताना फरशीला पाय अडखळावा तशी, जराशी अडखळते. ते दिसलं की माझ्या मानेवर काटा येतो. मग मी काळी फिल्म पाकिटात घालते आणि म्हणते, डॉक्टर सांगतील.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीत घसरल्या. बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांचा फोटो मीच काढला. टेबलावर झोपवताना त्यांनी दातांवर दात दाबले होते, पण हूं की चूं केलं नाही. तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवलेली बाई, वेदनेतही ताठ. फोटो धुऊन दिव्यासमोर धरला आणि मला ते दिसलं. खुब्याच्या हाडाच्या मानेपाशी कड अडखळत होती. पाळीवरचे डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, एका हातात फिल्म आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी केसपेपर. म्हणाले, "मुका मार आहे. घरी न्या, चार दिवस आराम करू द्या." मी त्यांच्या शेजारीच उभी होते. सर, इथे जरा परत बघता का, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. कसं म्हणायचं, आधी सॉरी म्हणायचं का नंतर, हेसुद्धा ठरलं होतं. त्यांनी फिल्म माझ्या हातात परत दिली आणि मी ते वाक्य गिळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पलंगावरून उतरल्या, पायावर भार दिला आणि हाड सरकलं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, पाय बोटभर आखूड झाला, आणि त्या दिवसापासून घरात वॉकरचे चार पाय ठक ठक वाजू लागले. वॉर्डात त्यांना शुद्ध आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. नवऱ्यालाही तोवर सांगितलं नव्हतं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. "तुला दिसलं होतं?" "हो, आई." "मग बोलायचं होतंस," म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. एवढंच. ना आरडाओरडा, ना टोमणा. मनातल्या मनात सोडवलेल्या प्रमेयाला त्यांनी कधी कुठल्या मुलीला गुण दिले नव्हते, ते मलाही दिले नाहीत.

महिन्याभरानं, मी त्यांचं अंथरूण बदलत असताना, त्या म्हणाल्या, "कपाटावर बुद्धिबळाचा पट आहे. काढ." मी अडतीस वर्षांची होते आणि घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. सासरे गेल्यापासून त्यांना खेळायला कुणी नव्हतं. मुलाला त्यांनी लहानपणी शिकवून पाहिलं होतं, पण तो पाचव्या खेळीला झोपायचा. रोज कामावरून आले की एक डाव. मी हरायचे. त्या मला एक प्यादंसुद्धा फुकट द्यायच्या नाहीत. दोन वर्षं मी रोज हरले. आत्येसासूबाई एकदा आल्या होत्या, आम्हाला पटासमोर बसलेलं बघून म्हणाल्या, "काय गं, सासूची बरोबरी करायला निघालीस?" तेव्हा सासूबाई मोहऱ्यांवरची नजर न काढता म्हणाल्या होत्या, "करू दे की. अजून फार लांब आहे ती." ज्या दिवशी मी पहिल्यांदा जिंकले त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "परत मांड." त्यानंतर मी पुष्कळदा जिंकले. गेली तीन वर्षं बहुतेक मीच जिंकते. पण छान खेळलीस हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "छान" हा शब्द त्या कंपासनं काढलेल्या वर्तुळासाठी राखून ठेवत असाव्यात.

एकोणिसाव्या खेळीला मी खुर्चीकडे बघायचं सोडून पटाकडे बघत होते, आणि मला ते दिसलं. त्याचा डाव बाहेरून ठणठणीत होता. राजा कोपऱ्यात सुरक्षित, पुढे तीन प्यादी, घोडा मोक्याच्या घरात. कुणालाही विचारलं असतं तर काळ्याचं बरं आहे असंच म्हणाला असता. पण त्याचा वजीर एकाच वेळी दोन कामं करत होता. इकडे त्या घोड्याला आधार आणि तिकडे लांब, दुसऱ्या कडेच्या एका प्याद्याची राखण. दोन्ही कामं तो करत होता म्हणून दोन्ही नीट दिसत होती. माझ्या मानेवर काटा आला. मी हात मांडीखाली दाबून धरला, कारण सासूबाई म्हणतात, चांगली खेळी सुचली की हातावर बस. मी पंधरा मिनिटं तपासून पाहिलं. मध्ये तो एकदा येऊन, माझी खेळी झाली नाही असं बघून, परत गेला. मग मी माझा हत्ती सरकवून त्या कडेच्या प्याद्याच्या समोर, उभ्या ओळीत आणला. त्या खेळीत शह नव्हता, मारामारी नव्हती. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना दुसरं काही सुचलं नाही.

तो आला. सवयीनं हात पुढे केला. हात पटाच्या वर आला आणि तिथेच थांबला. मी त्या हाताकडे बघत होते. नखं बारीक कापलेली, तर्जनीला शाईचा डाग. त्यानं हात मागे घेतला. मग खुर्ची ओढली आणि बसला. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मुठी गालांना. मी खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नात किंवा मुलगी झाली तेव्हासुद्धा मला इतकं ताठ बसावंसं वाटलं नव्हतं. तो बसला. एवढं मोठं नाव असलेला माणूस माझ्या एका हत्तीसाठी बसला होता आणि आता त्याचं घड्याळ चालत होतं. पाच मिनिटं, दहा, वीस. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. शेजारच्या पटावरच्यानं आधी आमच्याकडे पाहिलं, मग उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. पोस्टमास्तर आले. थोड्या वेळानं पाठीमागे चार-सहा जणांच्या श्वासांची ऊब जाणवू लागली, आणि पंचांनी येऊन सगळ्यांना हातभर मागे सरायला लावलं. त्यानं वजीर घोड्यापाशी ठेवला. मी कडेचं प्यादं मारलं. त्यानंतर तो एकदाही उठला नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही.

पुढच्या पंधरा खेळ्यांत वजीर गेले, उंट-घोडे गेले. दोघांचा एकेक हत्ती उरला, दोघांची प्यादी समोरासमोर अडलेली, आणि कडेला माझं एक प्यादं जास्तीचं, ज्याच्या वाटेत कुणी नव्हतं. चौतिसाव्या खेळीला त्यानं हत्ती मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बरोबरी?" मग घड्याळ दाबलं. माझ्या घड्याळात नऊ मिनिटं होती. प्रत्येक खेळीमागे अर्ध्या मिनिटाची भर पडायची, तेवढंच. त्याच्या स्वरात मेहेरबानी नव्हती. मी ती शोधली. असती तर फार सोपं झालं असतं. पण तो नीट विचारत होता, समोरच्याला विचारावं तसं. आणि मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की हात मिळवायचा, मागचे लोक टाळ्या वाजवणार, पोस्टमास्तर चहा पाजणार, उद्याच्या पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येणार. हॉस्पिटलात सगळे म्हणणार, एक्स-रेवाल्या बाईंनी ग्रँडमास्टरला रोखलं. यातलं काहीही खोटं ठरलं नसतं. मी त्याची बरोबरी केली असती, शब्दशः. पण पटाकडे बघितलं की मला दिसत होतं की ही बरोबरी नाही. माझं चांगलं होतं. जिंकेनच असं नाही, पण चांगलं होतं, आणि हे मला दिसत होतं, आणि त्यालाही दिसत होतं म्हणूनच तो विचारत होता. दिसत असून हो म्हणायचं म्हणजे फिल्म पुन्हा पाकिटात घालायची. मला वॉर्डातला तो पलंग आठवला, भिंतीकडे केलेलं तोंड आठवलं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी कुणाचं देणं फेडायला बसले नव्हते. मला फक्त जे दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नको. खेळू या." त्यानं मान हलवली, जराशी, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

आणि मी हरले. ते काही फार लांबवून सांगण्यासारखं नाही. बारा खेळ्या मी नीट खेळले. मग घड्याळात दीड मिनिट उरलं आणि मला ते कडेचं प्यादं पुढे ढकलायची घाई झाली. ढकललं. बटण दाबतानाच कळलं. त्याचा हत्ती प्याद्याच्या पाठीमागे आला, माझा हत्ती प्याद्यासमोर अडकून पडला, आणि चार खेळ्यांत ते प्यादं गेलं. मग त्याचा राजा चालत आला. इतका शांत चालत आला की मला त्याचं कौतुक वाटलं. ही माणसं मोठी का असतात ते मला तेव्हा समजलं. आपली चूक झाली की आपण तिच्याकडेच बघत बसतो. हा स्वतःची चूक मागे टाकून दोन तास माझ्या चुकीची वाट बघत बसला होता. त्रेसष्टाव्या खेळीला मी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. मी कागदावर निकाल लिहिला, सही केली. माझं अक्षर बिघडलं नव्हतं, याची मला आजही गंमत वाटते.

त्याच्याकडे एक तरुण जोडपं फोटो काढून घ्यायला आलं. तो त्यांना म्हणाला, "थोडं थांबा, आम्ही डाव बघतोय." आम्ही. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला घाई नाही ना?" आणि भराभर मोहरे मांडले, चौतिसाव्या खेळीपर्यंत, एकदाही कागद न बघता. "इथे मी हरत होतो," तो म्हणाला.

"मला तुमचं अवघड वाटलं होतं. हरताय इतकं नव्हतं वाटलं."

"हरतच होतो. तुम्ही हत्ती आणलात ना एकोणिसाव्याला, तिथपासूनच मला बरं वाटत नव्हतं. हरण्यातून वाचायला म्हणून बरोबरी मागितली." तो हसला नाही. "नाही म्हणालात तेव्हा वाटलं, यांना पुढचं सगळं दिसलंय."

"सगळं नाही. चांगलं आहे एवढंच दिसलं."

"मग प्यादं का ढकललंत?"

"घड्याळ बघितलं."

"राजा आधी," असं म्हणून त्यानं माझा राजा उचलला आणि एकेक घर त्या प्याद्याकडे चालवत नेला. "प्यादं कुठे पळून जात नाही. तुम्ही काय करता?"

"हॉस्पिटलात एक्स-रे काढते."

"अच्छा," तो म्हणाला आणि पुन्हा पटाकडे बघू लागला, जणू त्याला मला आणखी जे काही विचारायचं होतं ते तिथेच लिहिलेलं होतं. मग त्या जोडप्याबरोबर फोटो काढायला उठला. जाताना म्हणाला, "तुमच्याशी परत गाठ पडली तर मी पहिल्यापासून बसेन."

दुसरी फेरी चारला होती. घर तीन बस-थांबे लांब. मी चालत गेले. रस्त्यावर दुपारचं ऊन, दुकानांची अर्धी ओढलेली शटर्स, एका गॅरेजसमोर दोघं जण गाडीखाली झोपून एकमेकांशी बोलत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट पावलं नेहमीपेक्षा लांब पडत होती. जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "काय झालं हो आज?" मी म्हटलं, "हरले," आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, कारण मी हे बक्षीस मिळाल्यासारखं म्हटलं असावं.

नवऱ्यानं दार उघडलं. रविवारचा स्वयंपाक तो करतो. हातात झारा होता. मी बूट काढताकाढता त्याला सगळं सांगितलं. "अगं, घ्यायची ना बरोबरी," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याला माझ्यासाठीच वाईट वाटत होतं. "ग्रँडमास्टरशी बरोबरी म्हणजे काय खायचं काम आहे? जन्मभर सांगता आलं असतं." आतून वॉकर वाजला. सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसल्या. पट आधीच मांडून ठेवलेला होता. त्यांनी निकाल विचारला नाही. दारातलं बोलणं ऐकलंच असणार. "दाखव," म्हणाल्या.

मी पहिल्यापासून खेळ्या मांडत गेले. हत्तीपाशी त्यांनी मला थांबवलं, चष्मा वर सरकवला, वजिरापासून प्याद्यापर्यंत बोटानं हवेत एक रेघ ओढली आणि पुढे जायची खूण केली. चौतिसाव्या खेळीला मी म्हटलं, "इथे त्यानं विचारलं."

"थांब. इथून मी काळी. खेळ."

"आई, जेवण गार होईल."

"खेळ."

आम्ही खेळलो. मी राजा आधी चालवला. एकेक घर. त्यांनी जे जे करता येईल ते सगळं केलं. एक्याऐंशीव्या वर्षीसुद्धा त्या सुखासुखी काही सोडत नाहीत. माझ्या प्याद्यामागे त्यांनी हत्ती आणला, पण तोवर माझा राजा तिथे पोचला होता. मला एकदा वाटलं, जरा रेंगाळावं, लगेच जिंकू नये. मग त्या वाटण्याची मला लाज वाटली आणि मी प्यादं पुढे टाकलं. आता ते वजीर व्हायला दोन घरं राहिली होती आणि अडवायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी पटावरून हात मागे घेतला. हरल्यावर राजा आडवा पाडणं त्यांना नाटकी वाटतं. मग एकेक मोहरा मागे नेत त्यांनी पुन्हा ती चौतिसावी खेळी मांडली. गॅसवरच्या पातेल्याचं झाकण थरथरत होतं.

"मी घेतली असती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बरोबरी. त्यानं विचारल्यावर मी घेतली असती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, समजूत नव्हती. वहीत शेवटची ओळ लिहून खाली रेघ मारावी तसा तो आवाज होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनीही माझ्यावरून नजर काढली नाही. नऊ वर्षांत आम्ही एकमेकींकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. आमच्यामध्ये नेहमी पट असायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघायचो.

नवरा ताटं घेऊन आला आणि सवयीप्रमाणे पहिलं ताट आईसमोर ठेवू लागला.

"आधी हिला वाढ," सासूबाई म्हणाल्या. "चारला खेळायचंय तिला."